मशीन सगुणानं जाळलं नाही

सगुणा, गेल्या आठवड्यात पेडण्यात तुझी शोकसभा झाली. मी शेवटून दुसऱ्या रांगेत बसलो होतो. त्या सभेत सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या त्या तू कधीच न केलेल्या एका गोष्टीला.

वक्ता आपल्याहून तीसेक वर्षांनी लहान असेल. त्यानं सांगितलं, भाषेच्या चळवळीच्या दिवसांत डिचोलीला मराठीवाल्यांची मोठी सभा होती, मैदान भरलं होतं, आणि आमच्या सगुणबाबांनी आपल्या हातातल्या विद्येनं त्यांचा लाऊडस्पीकर असा काही करून ठेवला होता की ऐन भाषणात तो पेटला. "एक स्क्रू-ड्रायव्हर आनी एक मनीस, बस!" असं म्हणून त्यानं बोट वर केलं. सभागृह हसलं. मग टाळ्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. पहिल्या रांगेत तुझा उमेश बसला होता. बापाचं कौतुक ऐकताना मुलाचा चेहरा होतो तसा त्याचा झाला होता. शेवंतीवहिनी बाजूला होत्या. फक्त त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मी उठायला हवं होतं. समोरच्या खुर्चीची पाठ मी दोन्ही हातांनी धरली होती, ती उठण्यासाठीच. उठलो नाही. माझ्या वयाला गुडघ्यांचं निमित्त कायम हाताशी असतं, पण ते खरं कारण नव्हतं.

सभा संपल्यावर उमेश भेटला. म्हणाला, तुझ्या महिन्याच्या दिवशी एक लहानशी स्मरणिका काढतोय, त्यात ते भाषण जसंच्या तसं छापायचं आहे. "काका, तुमी पप्पांचे जुने दोस्त. दोन पानां आठवणी तुमीय बरयात." मी हो म्हटलं. त्याला वाटलं, म्हातारा आपण दोघांनी कुठे काय खाल्लं ते लिहील. मी हे लिहितो आहे. छापून आलेलं खोडता येत नाही, म्हणून छापण्याआधी.

तुला ठाऊक असलेल्या गोष्टी पुन्हा सांगतो, कारण वाचणाऱ्यांना त्या ठाऊक नाहीत.

डिचोलीच्या बाजारात तुझं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं आणि माझी जीप होती. सकाळी मी प्रवासी भरायचो, उरलेल्या वेळात जीपच्या टपावर दोन भोंगे बांधून गावोगाव पुकारे करत फिरायचो. आज अमुक देवळात नाटक, उद्या अमुक ठिकाणी जत्रा, नवा सिनेमा लागला आहे. मायक्रोफोन एका हातात, स्टिअरिंग दुसऱ्या हातात. भोंग्यांना आवाज पुरवणारा ॲम्प्लिफायर मागच्या बाकाखाली असायचा आणि जीपच्या बॅटरीवर चालायचा. आपण दोघंही त्याला मशीन म्हणायचो.

आपली ओळख शिवीमुळे झाली. तुझ्या दुकानासमोर माझं टायर बसलं आणि मी त्याला जी शिवी दिली ती ऐकून तू आतून ओरडलास, "पेडण्याचो मरे तू?" तू पेडण्याचा, मीही पेडण्याचा. खाणींमुळे डिचोलीला पैसा होता म्हणून दोघंही तिथे येऊन राहिलो होतो. त्या दिवसापासून तू मला पात्रांव म्हणायला लागलास, म्हणजे मालक. माझ्याकडे मालकीचं काय, तर एक फाटक्या हुडाची जीप. "पात्रांव, चाय सांगा," म्हणायचास आणि चहा तूच सांगायचास.

भांडण आपलं एकच होतं. तू कोंकणीवाला, मी मराठीवाला. त्या वर्षांत गोव्यात प्रत्येक घरात, प्रत्येक बाकड्यावर हेच चाललं होतं. पण आपलं भांडण ऐकायला लोक चहा घेऊन थांबायचे, कारण आपण दोघं ते एकाच बोलीत भांडायचो.

"तू आवयकडे खंयच्या भाशेत उलयतस?" तू विचारायचास, म्हणजे आईशी कुठल्या भाषेत बोलतोस.

"ही आपली बोली. मराठीचीच."

"असां? आनी पत्र खंयच्या भाशेत बरयतस आवयक?"

"मराठीत. बघ, सापडलंस!"

"मी खंय सापडलंय? तुज्या आवयक वाचूक येता? मास्तर वाचता, आनी मगे तिका आपल्या भाशेत सांगता. पत्र मराठीत जाता आनी आवयक कोंकणीत पावता!"

लोक हसायचे. माझ्याकडे उत्तर नसायचं असं नाही, पण ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी सुचायचं. मग मी पुकाऱ्याला जाताना जीप मुद्दाम तुझ्या दुकानासमोरून हळू न्यायचो आणि भोंग्यातून सांगायचो, "सगुण रेडिओवाले यांना कळविण्यात येते की देवाची आरती कोंकणीत म्हणून दाखवावी." तू सोल्डरिंगची तापलेली कांडी घेऊन दारात यायचास आणि ती माझ्यावर उगारायचास. हे भांडण मिटलं नाही. मिटायला नको होतं. मला आता कुणाशी तसं भांडता येत नाही.

मशीन तापायला लागलं ते त्याच काळात. तासाभरानं आवाज जाड व्हायचा, घशात घास अडकल्यासारखा, आणि मग बंद. पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. मी तुझ्याकडे आणलं आणि म्हटलं, "तापता."

"माका नुसता तापता सांगू नको. ताप कधी येता, खंय येता, ता सांग."

तू मला मेजासमोर बसवून वैद्यासारखे प्रश्न विचारलेस. जीप उभी असताना तापतं की चालताना? मी कधी लक्षच दिलं नव्हतं. आठवून सांगितलं, उभी असताना जास्त. नुसतं बोलताना की कॅसेट लावल्यावर? कॅसेटला लवकर. हात लावून बघितलास का? बघितला. "तळहात लायलंस?" हो. "तळहात मेललो आसता रे काम करून. हाताची पाठ लाव, ती खरा सांगता." त्या दिवसापासून मी इंजिनलाही हाताची पाठ लावून बघतो. ही विद्या तुझी.

मग तू मशीनची पाठ उघडलीस. आत सगळं लाल होतं. खाणीची माती, लोहखनिजाची धूळ, कुंकवाची पिंजर सांडल्यासारखी. मशीनच्या पाठीला ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या होत्या, आतली ऊब बाहेर टाकण्यासाठी. त्यांच्या फटी त्या धुळीनं बुजून गेल्या होत्या. "हो ताप नाय," तू म्हणालास, "हेच्यार तू गोधडी घातलंस." दाढीच्या ब्रशनं तू एकेक फट झाडलीस. ही धूळ लोखंडाची, ती वीजही वाहून नेते, म्हणून आतही झाडावी लागते, हे सांगितलंस. बॅटरीकडून येणारी एक तार जीपच्या सांगाड्याला रंगावरच आवळलेली होती. ती सोडवून तू रंग खरवडलास, खालचं लोखंड चकचकीत केलंस आणि पुन्हा आवळलीस. भोंग्याच्या तारेचे दोन केस एकमेकांना चिकटत होते, ते वेगळे करून पट्टी लावलीस. एवढं झाल्यावर मशीन बाकाखालून काढून ड्रायव्हरच्या पाठीमागे उभं बसवलंस, पट्ट्या वरखाली येतील असं.

"उभा कित्याक?" मी विचारलं.

"चुलीचो धूर आडवो जाता काय रे? ऊब वर जाता. तिका वाट दी."

आणि शेवटी, बोट माझ्या छातीवर ठेवून तू जे सांगितलंस ते मी शब्दाशब्दानं लिहितो, कारण या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. "हेका उघडा ठेव. धूळ बसतली, बसांदी. दर शनवारी हाड, मी झाडून देतंय. पण झाकू नको."

झाकू नको. ऐकलं होतं मी. समजलंही होतं.

आता डिचोलीतली त्या वेळची माणसं कशी जगत होती ते सांगायला हवं, नाही तर मी काय केलं ते वेडेपणाचं वाटेल. खनिजाचे ट्रक दिवसभर रस्त्यानं जायचे. वाळत घातलेलं धोतर संध्याकाळी लाल व्हायचं. तुळशीची पानं लाल, पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून उंडे आणायचा त्याच्या टोपलीवर दोन-दोन कपडे. आम्ही सगळं झाकायचो. विहिरीवर झापडं, लोणच्याच्या बरणीवर फडकं आणि फडक्यावर वाटी, रेडिओला भरतकामाची खोळ. वस्तू झाकली म्हणजे तिची काळजी घेतली, ही आमची समजूत होती. नवी वस्तू घरात आली की बायका आधी तिच्या खोळीचं माप घ्यायच्या.

सभेच्या आधी मी जीपच्या बाकांना नवं रेक्झिन बसवलं होतं, मरून रंगाचं. एक तुकडा उरला. शिवणाऱ्याला म्हटलं, या मशीनला खोळ शिव. त्यानं माप घेऊन अशी शिवली की बाळाला कुंची बसावी तशी बसली. पुढच्या बटणांना भोकं, मायक्रोफोनच्या तारेला भोक, बाकी सगळं बंद. पाठीच्या पट्ट्याही. मी मनाशी म्हटलं, सगुण दर शनिवारी धूळ झाडणार, त्यापेक्षा धूळ आत जाऊच नये. तुला दाखवून तुझी खोडी काढायची होती. तू इंजिनियर, मी ड्रायव्हर, पण बघ, मी कसा उपाय काढला! खोळ घातली ती सभेच्या सकाळी. तुला दाखवायला वेळ झाला नाही.

सभा दुपारची होती. आमच्या बाजूचे एक व्यापारी, सगळे त्यांना शेट म्हणायचे, त्यांनी सगळी व्यवस्था केली होती आणि भोंग्यासाठी माझी जीप ठरवली होती. सत्तरी तालुक्यातून, पेडण्यातून माणसं आली होती. जीप मैदानाच्या कडेला उन्हात उभी. उभी, सगुणा. तू विचारला होतास तोच पहिला प्रश्न. पहिली दोन भाषणं नीट झाली. माझ्या पाठीला मशीनची ऊब लागत होती. हाताची पाठ लावायला मागे वळलो नाही, कारण मला भाषण आवडत होतं.

मुख्य वक्ते उठले तेव्हा आवाज जाड झाला. मग खरखर. मग वास आला. रेक्झिन तापल्यावर येतो तो वास मला ओळखता आला आणि त्याच क्षणी मला सगळं कळलं. मी खोळ ओढली. ती पट्ट्यांना चिकटली होती. माझी बोटं भाजली. अर्धी निघाली, अर्धी पट्ट्यांवर राहिली, आणि फटींतून पांढरा धूर आला. भोंगे गप्प झाले. मैदानात आधी शांतता, मग कुजबुज, मग आरडाओरडा. मागच्यांना काही ऐकू येईना. वक्ते हातवारे करून बोलत राहिले. थोड्या वेळानं कडेची माणसं उठून जाऊ लागली आणि मग मधली.

शेट गर्दीतून माझ्याकडे येत होते. ते पोचायच्या आत मी फाटलेली खोळ बाकाखाली सारली आणि तिच्यावर पाय ठेवला.

"काय झालं?"

"मशीन जळलं."

"असं कसं जळलं? दुरुस्त केलं होतंस ना?"

"केलं होतं."

"कोणी केलं?"

"सगुणानं. गेल्याच आठवड्यात त्यानं उघडलं होतं."

एवढंच मी बोललो. यातला एकही शब्द खोटा नव्हता. शेट माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तो कोंकणीवाला?" मी मान हलवली. तू कोंकणीवाला होतासच. तेही खरंच होतं. त्यापुढे मी तोंड उघडायला हवं होतं, आणि पायाखाली ती खोळ होती. आजवर मी स्वतःला सांगत आलो की मी तुझ्यावर आळ घेतला नाही, लोकांनी घेतला. वयाची सत्तरी ओलांडल्यावर असली कारणं टिकत नाहीत. मी घेतला. खऱ्या शब्दांनी घेतला, म्हणून तो खोट्यापेक्षा पक्का बसला.

तुला कुणी मारलं नाही. तुझ्या दुकानाच्या फळीवर डांबर फासलं गेलं, ते तू रॉकेलनं पुसलंस. पण लोक आपापले रेडिओ परत न्यायला आले, दुरुस्त न होताच. एकेक येत होता. तू प्रत्येकाचा संच काढून, पुसून, तार गुंडाळून देत होतास. मी समोरच्या हॉटेलात बसून बघत होतो. एकजण म्हणाला, "माझ्यात काय करून ठेवलं नाहीस ना?" तू त्याचा रेडिओ तिथेच सुरू करून दाखवलास, आणि मग त्याच्या हातात दिलास.

आठवड्याभरानं तू माझ्या घरी आलास. "दी ता मशीन," म्हणालास. मी दिलं. पट्ट्यांवर रेक्झिन चिकटलेलंच होतं. ते खरवडण्याइतकाही धीर मी केला नव्हता. चार दिवसांनी तू ते घेऊन परत आलास. जळलेले ट्रान्झिस्टर बदललेले, पट्ट्या चकचकीत. एका फटीत तळाशी मरून रंगाचा एक ठिपका तेवढा राहिला होता. तुझ्या ब्रशखालून असं काही सुटत नाही. तो ठिपका तू ठेवला होतास.

"आता तापाचा नाय," तू म्हणालास आणि पायरीवर बसलास. माझ्या बायकोनं चहा आणला. तू तो सावकाश प्यायलास. बशीतलाही प्यायलास. माझ्याकडे बघत होतास. तू वाट बघत होतास, हे मला तेव्हाही समजत होतं. मी तुला कार्ब्युरेटरबद्दल सांगत राहिलो. पेट्रोल जास्त खातोय, जेट बदलावा लागेल, म्हापशाला मिळेल की पणजीला जावं लागेल. तू उठलास. "बरा, पात्रांव," म्हणालास. पात्रांव म्हणताना त्या दिवशी पहिल्यांदा तू हसला नाहीस.

महिन्याभरात तू दुकान बंद केलंस आणि पेडण्याला गेलास.

पुढे कोंकणी राजभाषा झाली, गोवा घटकराज्य झालं. आमच्या बाजूनं त्यावर रडारड झाली, तुमच्या बाजूनं फटाके वाजले. पेडण्यात तुझं नाव झालं ते फटाक्यांच्या त्याच दिवसांत. ज्यानं मराठीवाल्यांचा भोंगा बंद पाडला तो सगुण! डिचोलीत ज्या गोष्टीसाठी तुझं दुकान गेलं, त्याच गोष्टीसाठी पेडण्यात तुला हार घातले. मी ऐकत होतो आणि खरं सांगतो, मला बरं वाटायचं. वाटायचं, चला, सगुणाचं नुकसान भरून निघालं. माझ्या चोरीचा माल तुला लाभला असं समजून मी झोपायचो.

नंतर आपण भेटत राहिलो. लग्नकार्यात, एकदा शिरगावच्या जत्रेत. माझी बायको गेली तेव्हा तू सगळ्यांच्या आधी आलास आणि कुणाला न विचारता आवारातल्या दिव्याची तुटलेली तार जोडून दिलीस. प्रत्येक वेळी मी मनाशी ठरवून यायचो. प्रत्येक वेळी कार्ब्युरेटरसारखं काहीतरी सापडायचं.

शेवटचं मी आलो ते गेल्या पावसाळ्यानंतर. मोपाच्या पठारावर विमानतळ झाला, आता तुझ्या घरावरून विमानं जातात. तू बाजेवर बसला होतास, कानाला यंत्र, ते सारखं कुंई करत होतं आणि तू त्याला शिव्या देत होतास. जन्मभर लोकांचे आवाज दुरुस्त केलेस आणि तुझ्याच कानातलं तुला दुरुस्त होईना. मी त्या दिवशी सगळं बोलायलाच आलो होतो. म्हटलं, "सगुणा, ता मशीन..." तू म्हणालास, "काय?" मी पुन्हा म्हटलं. "मोठ्यान उलय रे!" आत वहिनी होत्या, उमेशची बायको होती, शेजारचे दोघं जनेलातून डोकावत होते. माझं बोलणं हळू सांगण्यासारखं होतं आणि तुला हळू ऐकू येत नव्हतं. मी ओरडलो ते एवढंच, "तब्येतीक जप!" तू मान डोलावलीस.

आता मात्र मोठ्यानं बोलायचंच ठरवलं आहे.

तुझ्या शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी डिचोलीला गेलो. त्या वेळच्या आमच्या बाजूची तीन माणसं अजून आहेत. तिघांकडे जाऊन सांगितलं. एकजण हसला, म्हणाला, आता याचं काय. एकजण म्हणाला, मला तेव्हाच संशय होता, तू पाय का हलवत नव्हतास. तिसऱ्यानं माझ्यासाठी दार उघडलं होतं, त्यानं ते पुन्हा बंद केलं. शेट वारले, त्यांच्या मुलाला मी पत्र टाकलं. मराठीत टाकलं, सगुणा. ते काही सुटत नाही.

काल इथवर लिहून उमेशकडे घेऊन आलो; पुढचं आज लिहितो आहे. त्यानं ओटीवर उभ्यानं वाचलं. वाचता वाचता खाली बसला.

"काका," तो म्हणाला, "पेडण्यात पप्पांची वळखच ती. शाळेत माका मास्तर सांगायचे, तू त्या सगुणाचो झील. तुमी ती काढून घेतलास तर रवता काय?"

माझं उत्तर नेहमीसारखं दुसऱ्या दिवशी सुचलं असतं. पण आतल्या दारात शेवंतीवहिनी उभ्या होत्या.

"तुज्या बापाशीन जल्मात कोणाचा मशीन बिघडवूक नाय," त्या म्हणाल्या. "ता रवता."

मग त्या पुढे आल्या आणि उमेशला सांगू लागल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. सुरुवातीला लोक हार घालायला आले की तू म्हणायचास, मी नाय केलंय. लोक हसायचे. म्हणायचे, मोठो मनीस, आपल्या तोंडान सांगाचो नाय. मग तू सांगायचं सोडलंस. पण ज्या दिवशी कुणी ती गोष्ट काढी, त्या दिवशी तू जेवताना हुमणात, म्हणजे माशाच्या कालवणात, मीठ नाही म्हणून भांडायचास. "मीठ बरोबर आसा," वहिनी म्हणाल्या. "मी चाखून बघी. बरोबर आसा. मगे माका कळला, हो राग मिठाचो नाय."

"आई, तुका कोणी केला ता ठावक होता?" उमेशनं विचारलं.

"नाय. शंबर पावटी इचारलंय. सांगूक नाय. म्हणी, ज्येचा ता सांगाचा, तो सांगतलो."

हे मला ठाऊक नव्हतं, सगुणा. मला वाटायचं, तुझ्या घरात माझं नाव कधीच गेलं असेल आणि वहिनी मला चहा देतात तो तुझ्या सांगण्यावरून. तू ते नाव त्यांनाही दिलं नव्हतंस. इतकी वर्षं त्या मला न ओळखता चहा देत होत्या.

उमेशनं आतून त्या भाषणाचा कागद आणला, खिशातून पेन काढलं आणि त्यातला एक परिच्छेद आडव्या रेघेनं कापला. रेघ ओढताना त्याचा हात थांबला होता, पण त्यानं ती शेवटपर्यंत ओढली. मला विचारलं, त्या जागी काय घालू. मी सांगितलं ते त्यानं मजकूर म्हणून लिहून घेतलं: डिचोलीच्या सभेत जळलेलं मशीन जीपवाल्या पांडुरंगाच्या चुकीनं जळलं, त्यात सगुणाचा हात नव्हता. सगुणानं ते दुरुस्त केलं. खाली मी सही केली.

मी जायला उठलो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, जेवन जावा."

मला वाटलं, आता रडू येणार. त्यांच्या ते लक्षात आलं असावं.

"जेवक वाढतंय म्हणान माफ केलंय असा समजू नका," त्या म्हणाल्या. "पान मांडलंय, ता फुकट जावचा नाय म्हणान."

"नाही समजत," मी म्हटलं, आणि हात धुवायला गेलो.